ध्वनिमुद्रिकेमागचा कारागीर : जॉर्ज मार्टिन

रॉक संगीतावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, हे श्रोत्यांपैकी काहींना विचित्र वाटेल. आम्ही गायक नाही आणि वादकही नाही. आमचे आयुष्य पगारवाढीचे मसुदे, हजेरीची पुस्तके आणि वाटाघाटींच्या बैठका यांत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या वाचनात जॉर्ज मार्टिन ह्या इंग्रज गृहस्थाचे 1979 साली निघालेले आत्मचरित्र हाती आले, आणि संगीताच्या व्यवसायातले प्रश्नही आपलेच आहेत असे दिसून आले. काम कोणी केले, नाव कोणाचे लागले आणि पैसा कोणाकडे गेला, हे ते प्रश्न होत. म्हणून ह्या विषयाला हात घालण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. निर्माता म्हटले की आपल्यापुढे चित्रपटाचा निर्माता उभा राहतो. म्हणजे भांडवल जमवणारा, नटनट्यांशी करार करणारा. ध्वनिमुद्रिकेच्या धंद्यात ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. त्या काळी तेथे भांडवल कंपनीचे असे आणि निर्माता हा बहुधा तिचा पगारी नोकर असे. कोणता गायक घ्यावा, त्याने काय गावे, कोणत्या पट्टीत आणि किती लयीत गावे, साथीला वाद्ये कोणती असावीत, मायक्रोफोन कोठे मांडावा, आणि दहा वेळा गाऊन झाल्यावर त्यांतले कोणते गाणे ठेवावे, हे पाहण्याची जबाबदारी त्याची. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर तो मालक नव्हे आणि सांचावरचा कामगारही नव्हे. तो खात्याचा मास्तर. माल कसा निघाला ह्याबद्दल वरून जाब त्यालाच विचारला जातो, आणि हाताखालच्यांचा रोषही त्यालाच सोसावा लागतो.

आपल्याकडे ह्याचे उत्तम उदाहरण जी. एन. जोशी यांचे आहे. भावगीतांचे गायक म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. पुढे ते मुंबईत हिज मास्टर्स व्हॉइसच्या कचेरीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्या तिघांना एकत्र आणणारी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही 1967 सालची ध्वनिमुद्रिका जोशी यांच्या निर्मितीची होय. तिच्यावरचे संतूर, गिटार आणि बासरी सर्वांना आठवते, पण तीन कलावंतांना एका कल्पनेत बांधणारा चौथा माणूस फार थोड्यांना आठवतो. हिज मास्टर्स व्हॉइसची भारतातली ही कंपनी ब्रिटनच्या ई.एम.आय. ह्या बड्या संस्थेच्या कुटुंबातली होती. जॉर्ज मार्टिन ह्याच संस्थेत, पण लंडनला, नोकरीस होता.

मार्टिनचा जन्म 3 जानेवारी 1926 रोजी उत्तर लंडनमध्ये झाला. बाप सुतार होता. हातात कसब होते, पण मंदीच्या काळात काम मिळेना, तेव्हा त्याने रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून वर्तमानपत्रे विकली. मुलगा घरातल्या पियानोवर स्वतःच शिकला. युद्धाच्या काळात तो नौदलाच्या विमानदलात गेला, आणि सुटका झाल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर 1947 ते 1950 गिल्डहॉल ह्या संगीतविद्यालयात शिकला. पियानो आणि ओबो ही त्याची वाद्ये. सरकारने ही मदत दिली नसती तर सुताराच्या मुलाला वाद्यवृंदाची स्वरलिपी लिहिण्याचे शिक्षण मिळाले नसते. पुढे ज्या गाण्यांवर कंपनीने लाखो पौंड मिळवले, त्यांच्या मुळाशी ही सार्वजनिक मदत होती.

1950 साली तो ई.एम.आय.च्या पार्लोफोन ह्या शाखेत साहाय्यक म्हणून लागला आणि 1955 साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तिचा प्रमुख झाला. पार्लोफोन ही कंपनीच्या घरातली धाकटी बहीण होती. मोठमोठे गायक दुसऱ्या शाखांकडे जात. तेव्हा मार्टिनने विनोदी ध्वनिमुद्रिकांचा मार्ग धरला. पीटर सेलर्स, स्पाइक मिलिगन ह्यांसारख्या नटांना घेऊन त्याने नुसत्या आवाजावर प्रहसने उभी केली. दार वाजते, गाडी जाते, पाऊस पडतो, माणूस एकाच वेळी दोन आवाजांत बोलतो. हे सारे फीत कापून, जोडून, तिचा वेग बदलून साधावे लागे. हा काळ त्याची उमेदवारी समजावा. रॉकच्या चाहत्यांना पुढे ज्या करामतींचे आश्चर्य वाटले, त्यांतल्या बऱ्याचशा तो विनोदाच्या कामात शिकून बसला होता.

रॉक संगीत म्हणजे काय, हे ज्येष्ठ श्रोत्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत काळ्या लोकांच्या ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज ह्या गायकीतून व गोऱ्यांच्या ग्रामीण गाण्यांतून ते निघाले. विजेच्या गिटारी, ड्रम आणि तीनचार तरुणांचे कंठ एवढे त्याचे साहित्य, आणि ठेका जोरकस. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल ह्या बंदराच्या शहरात असे पुष्कळ संच होते. त्यांतला बीटल्स हा एक. डेका कंपनीने 1962 च्या आरंभी त्यांना परत पाठवले. त्याच वर्षी 6 जून रोजी ते मार्टिनपुढे उभे राहिले. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन हे तिघे आणि थोड्याच दिवसांत आलेला ड्रमवादक रिंगो स्टार, ह्यांपैकी कोणालाही स्वरलिपी लिहिता वाचता येत नव्हती. करार काय झाला? दर ध्वनिमुद्रिकेमागे एक पेनी, आणि तीही चार वादक व त्यांचा व्यवस्थापक मिळून वाटून घ्यायची! असा करार गिरणीच्या फाटकावर कोणी वाचून दाखवला असता तर संप झाला असता.

ध्वनिमुद्रणाचे काम त्या वेळी कारखान्यासारखेच चाले. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन तीन तासांची सत्रे. यंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ पांढरे डगले घालीत. 11 फेब्रुवारी 1963 ह्या एकाच दिवशी बीटल्सनी आपल्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतली दहा गाणी सुमारे दहा तासांत संपवली. खर्च आला अवघा 400 पौंड. शेवटचे गाणे घसा फोडून गायचे होते. लेननचा आवाज त्या आधीच बसत चालला होता, म्हणून मार्टिनने ते मुद्दाम अखेरीस ठेवले. कामाची आखणी करणारा माणूस कोठे उपयोगी पडतो, ते येथे दिसते.

आता त्याच्या कसबाची दोन उदाहरणे घेऊ. फीत ज्या वेगाने फिरवून आवाज मुद्रित केला, त्याच्या दुप्पट वेगाने ती वाजवली तर दोन गोष्टी होतात : लय दुप्पट होते आणि स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. 1965 साली 'इन माय लाइफ' ह्या गीतात मधली जागा भरायची होती. मार्टिनला तेथे जुन्या युरोपीय पद्धतीची पियानोची जलद फिरत हवी होती, पण तितक्या वेगात त्याची बोटे चालेनात. त्याने फीत निम्म्या वेगाने चालवली, खालच्या सप्तकात संथपणे वाजवले आणि मग फीत नेहमीच्या वेगाने फिरवली. जागा लयीत बसली. शिवाय स्वराचा नाद असा बदलला की ऐकणाऱ्याला तो पियानो वाटेना, हार्पसिकॉर्ड हे जुने तंतुवाद्य वाटू लागले.

दुसरे उदाहरण 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ह्या गीताचे. ते दोन प्रकारे मुद्रित झाले होते. दोहोंची लय वेगळी आणि पट्टीही वेगळी. लेनन म्हणाला, पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा पुढचा भाग मला हवा, ते जोडा. म्हणजे काळी एक आणि काळी दोन पट्टीतली दोन गाणी शिवण न दिसता जोडण्यासारखे हे होते. मार्टिन आणि त्याचा तरुण तंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी फितींचे वेग कमीजास्त करून पाहिले. वेग बदलला की स्वरही बदलतो, हे आपण आताच पाहिले. दैवाने दोन्ही फरक एकाच दिशेचे होते, त्यामुळे एका दुरुस्तीत लय आणि पट्टी दोन्ही जुळली. गाणे सुरू झाल्यावर सुमारे एका मिनिटाने हा सांधा येतो. तो 1967 पासून लोक ऐकत आहेत, आणि सांगितल्याशिवाय फार थोड्यांना कळतो.

मार्टिनने ह्या संगीतात वाद्यवृंद आणला. 1965 च्या 'यस्टरडे' ह्या गीताला चार तंतुवाद्यांची साथ त्याने सुचवली. 1966 च्या 'एलिनॉर रिग्बी'त गिटारी आणि ड्रम नाहीतच. चार व्हायोलिने, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढीच वाद्ये आहेत. चाल मॅकार्टनीची, स्वरलिपी मार्टिनची. ह्या आठ वादकांना प्रत्येकी 9 पौंड मिळाले. 1967 च्या 'पेनी लेन'मध्ये डेव्हिड मेसन ह्यांनी छोट्या ट्रम्पेटवर जी तान वाजवली, तिच्याबद्दल त्यांना 27 पौंड 10 शिलिंग मिळाले. 'अ डे इन द लाइफ'मधला तो प्रचंड चढत जाणारा स्वरांचा लोंढा चाळीस वादकांचा होता. सर्वांचे मिळून बिल 367 पौंड 10 शिलिंग, म्हणजे माणशी सुमारे नऊ पौंड झाले. हे दर ब्रिटनच्या वादकांच्या संघटनेने लढून ठरवून घेतले होते. ती संघटना 1893 पासूनची. ती नसती तर नऊचे पाच झाले असते. पण संघटनेला मजुरी मिळवता आली, विक्रीतला वाटा मिळवता आला नव्हता.

आणि मार्टिनला स्वतःला काय मिळत होते? 1963 साली त्याने निर्मिलेल्या ध्वनिमुद्रिका बावन्नपैकी 37 आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होत्या. त्याचा वार्षिक पगार 3,000 पौंड होता. नाताळचा बोनस सर्वांना मिळाला, त्याला मिळाला नाही. एवढा पगार असणाऱ्यांना बोनस नाही, असा नियम दाखवण्यात आला. त्याने विक्रीवर काही टक्के मागितले. वाटाघाटीत वरिष्ठांनी देऊ केले ते नफ्याचे तीन टक्के, तेही खर्च वजा जाता. आणि उदाहरणादाखल सांगितले की 1963 च्या हिशेबाने तुमचे अकरा हजार पौंड झाले असते. मार्टिन त्या आकड्यांचा हिशेब करीत गेला, आणि त्याच्या कामावर कंपनीने त्या वर्षी 22 लाख पौंड निव्वळ नफा मिळवला, हे त्याला तेथेच कळले. वाटाघाटीच्या टेबलावर ताळेबंद मागा, असे आम्ही तीस वर्षे तरुण कार्यकर्त्यांना सांगत आलो आहो. येथे तर साहेबांनी तो आपल्याच तोंडाने वाचून दाखवला.

1965 साली मार्टिनने नोकरी सोडली. त्याच कंपनीतले रॉन रिचर्ड्स आणि जॉन बर्जेस व डेकातले पीटर सलिव्हन हे तिघे निर्माते त्याच्याबरोबर निघाले आणि चौघांनी 'एअर' नावाची स्वतंत्र संस्था काढली. बीटल्सना मार्टिनच हवा होता, तेव्हा ई.एम.आय.ला त्याच माणसाकडून तेच काम बाहेरचा माणूस म्हणून करून घ्यावे लागले, आणि विक्रीवर वाटा द्यावा लागला. कसबी माणसे एकत्र आली आणि त्यांच्यावाचून चालत नाही हे दिसले, की मालकाचे नियम बदलतात. मात्र ही संघटना चौघांची होती. फीत जोडणारा तंत्रज्ञ आणि व्हायोलिन वाजवणारा वादक तिच्या बाहेरच राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

आता चित्रपटाकडे वळू. ध्वनिमुद्रिकेत संगीतकार वेळेचा धनी असतो. चित्रपटात तो वेळेचा नोकर होतो. पडद्यावर दर सेकंदाला 24 चित्रे सरकतात, मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. दार उघडण्याच्या क्षणी स्वर बदलायचा असेल तर तो अर्धा सेकंद आधी आला तरी प्रसंग हास्यास्पद होतो. विनोदी ध्वनिमुद्रिकांत मार्टिनला ह्या हिशेबाची सवय झाली होती. 1964 च्या 'अ हार्ड डेज नाइट' ह्या बीटल्सच्या चित्रपटाचे संगीतदिग्दर्शन त्याने केले आणि ऑस्करसाठी त्याचे नाव सुचवले गेले; पारितोषिक 'माय फेअर लेडी'ला मिळाले. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरशी त्याचे पटले नाही, आणि पुढच्या वर्षीच्या 'हेल्प!' ह्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत दुसऱ्याकडे गेले.

1968 च्या 'यलो सबमरीन' ह्या व्यंगचित्रपटाला त्याने पूर्ण वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत दिले, आणि ह्या चित्रपटाच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू सबंध त्याच्या रचनांची आहे. 1973 साली जेम्स बाँडच्या 'लिव्ह अँड लेट डाय'चे संगीत त्याने केले. शीर्षकगीत मॅकार्टनीने रचून गायले, वाद्यरचना मार्टिनची. पुरे झालेले ध्वनिमुद्रण ऐकून चित्रपटाचे निर्माते हॅरी सॉल्ट्झमन यांनी विचारले, आता हे गाणे कोणाकडून म्हणवून घ्यायचे? त्यांना तो नुसता नमुना वाटला होता. मार्टिनने त्यांची समजूत घातली, आणि ह्या गीताच्या वाद्यरचनेसाठी त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. सगळेच यशस्वी झाले असे नाही. 1978 साली बीटल्सच्या गाण्यांवर बी गीज ह्या संचाला घेऊन जो चित्रपट निघाला, त्याचे संगीतदिग्दर्शन मार्टिनचे होते. टीकाकारांनी तो झोडपून काढला.

बीटल्स 1970 साली विभक्त झाले, तरी त्याचे काम थांबले नाही. जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या महाविष्णु ऑर्केस्ट्राला त्याने 1974 साली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर बसवले. त्याच वर्षापासून अमेरिका ह्या संचाच्या ध्वनिमुद्रिका केल्या. 1975 साली जेफ बेकची गिटार शब्दांवाचून लोकप्रिय करून दाखवली. 1979 साली त्याने कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटावर ध्वनिमुद्रणशाळा उघडली. दहा वर्षे मोठमोठे संच तेथे येत, आणि 1989 च्या वादळाने ती उद्ध्वस्त झाली.

ह्या कथेचा एक धागा आपल्या दाराशी येतो. 1966 च्या 'लव्ह यू टू' ह्या गीतात अनिल भागवत यांचा तबला आहे, आणि त्यांचे नाव त्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापलेले आहे. पण पुढच्याच वर्षी 'विदिन यू विदाउट यू' ह्या गीतात लंडनमधल्या ज्या भारतीय वादकांनी दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवला, त्यांची नावे वेष्टनावर नव्हती. जानेवारी 1968 मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' ह्या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रणशाळेत आला. त्या कामात शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि एस. आर. केंकरे यांची बासरी आहे. त्याच भेटीत 'दि इनर लाइट' ह्या गीताचे वादन मुंबईत मुद्रित झाले. त्यावर लंडनला मार्टिनच्या देखरेखीखाली हॅरिसनचा आवाज चढला.

नाव छापले काय आणि न छापले काय, पैसे मिळाले ना, असे कोणी म्हणेल. तसे नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नास वर्षांवरून सत्तर करण्यात आली आणि ब्रिटनमध्ये हा कायदा 1 नोव्हेंबर 2013 पासून लागू झाला. त्यात असे कलम आहे की पन्नास वर्षांनंतरच्या वाढीव काळात कंपनीने उत्पन्नाचे वीस टक्के बाजूला काढून, एकरकमी मजुरीवर वाजवून गेलेल्या वादकांना द्यावेत. 1966 साली नऊ पौंड घेऊन गेलेल्या माणसाला किंवा त्याच्या वारसाला अशा रीतीने वाटा मागता येतो. परंतु त्यासाठी तो तेथे होता हे सिद्ध झाले पाहिजे. दुसरीकडे, बीटल्सच्या 'लव्ह मी डू' ह्या पहिल्या गीताच्या एका ध्वनिमुद्रणात ड्रम वाजवणाऱ्या अँडी व्हाइट यांना सत्रापुरती मजुरी मिळाली होती. ते गीत ऑक्टोबर 1962 चे. त्याची पन्नास वर्षांची मुदत 2012 अखेर संपली, आणि कायदा दहा महिने उशिरा आला.

आपल्या देशातही 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातला वाटा राखला गेला आणि वादन सादर करणाऱ्या कलाकारालाही व्यापारी वापराबद्दल हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात असेही आहे की चित्रपटात ज्याचे काम किरकोळ व आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला एका मर्यादित हक्कापुरते सोडून कलाकार समजू नये. म्हणजे नाव गाळणे ही नुसती अनास्था राहत नाही. त्याने हक्कच बुडू शकतो. नामावली हे हजेरीचे पुस्तक आहे. ज्याची हजेरी लागली नाही, त्याचा पगार निघत नाही, हे आमच्या कोणत्याही सभासदाला सांगावे लागत नाही.

आणखी एका गोष्टीकडे आमचे लक्ष जाते. मार्टिनची श्रवणशक्ती उतारवयात फार कमी झाली; वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात ध्वनिमुद्रणे ऐकत राहिल्याचा हा परिणाम, असे तोच सांगे. शेवटच्या काळात मुलगा जाइल्स हा त्याचे कान झाला, आणि 2006 साली दोघांनी मिळून बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून 'लव्ह' ही नवी मुद्रिका बांधली. सांचाखात्यात आयुष्य काढलेले आमचे कितीतरी विणकर निवृत्तीनंतर घरच्यांचे बोलणे ऐकू शकत नव्हते. सर ही पदवी मिळालेला संगीतनिर्माता आणि गिरणीतला विणकर यांना एकच रोग जडला. कारणही एकच : कामाच्या जागेचा आवाज. 8 मार्च 2016 रोजी, नव्वदाव्या वर्षी, मार्टिन वारला.

आज ध्वनिमुद्रणाला मोठा कारखाना लागत नाही. आपल्याच गावात एखाद्या खोलीत, संगणकापुढे बसून, तरुण मुले गाणी करतात, लघुपट करतात. त्यांत कोणी ढोलकी वाजवून जातो, कोणी बासरी, कोणी रात्रभर बसून आवाजाची जुळणी करून देतो. ह्या मुलांना आमचे सांगणे थोडे आहे. काम सुरू होण्यापूर्वी एक कागद घ्यावा. कोण काय करणार, किती तास करणार, आज किती मिळणार आणि पुढे विक्री झाली तर किती, हे त्यावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. गाणे बाहेर पडेल तेव्हा सगळ्यांची नावे त्यावर घालावीत. मार्टिनला हे समजायला पंधरा वर्षांची नोकरी आणि एका बड्या साहेबाच्या तोंडचा ताळेबंद लागला. आपल्याला तेवढे थांबण्याचे कारण नाही.